घरातली पत्रं छापताय, तर सगळ्या घराची छापा

प्रति,
संपादक,
नमस्कार.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याला यंदा अडीचशे वर्षं होतायत म्हणून तुमच्या रविवारच्या पुरवणीत जी लेखमाला चालू आहे ती मी इकडे मेरीलँडमध्ये दर आठवड्याला ऑनलाइन वाचते, आणि मनापासून सांगते, छान चाललीये. पण त्यात संस्थापकांच्या घरगुती पत्रांवर जो भाग आला त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्या भागात थॉमस जेफरसन (स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा, पुढे राष्ट्राध्यक्ष) म्हणजे मुलींवर जीव टाकणारा बाप, जॉन अ‍ॅडम्स आणि अ‍ॅबिगेल (तोही पुढे राष्ट्राध्यक्ष, ती त्याची बायको) म्हणजे आदर्श जोडपं, आणि पत्रं म्हणजे त्या काळातला जिव्हाळा, एवढंच आलं. त्यात खोटं काहीच नाही, पण ते अर्धं आहे, आणि जी राहिली, म्हणजे गुलाम माणसं, त्यांच्या जिवावर तर ती घरं चालत होती. म्हणून हे लांबलचक पत्र. जागेअभावी कापलंत तरी माझी हरकत नाही, फक्त हॅना आणि प्लमर या दोन गुलामांच्या नावांना कात्री लावू नका.

आधी जेफरसनचं पत्र घेऊ, कारण तुमच्या लेखात त्यातली मायेची ओळ तेवढी होती. २८ नोव्हेंबर १७८३ चं आहे ते. बाप अ‍ॅनापोलिसला काँग्रेसच्या (म्हणजे तिकडच्या संसदेच्या) कामात, मुलगी पॅट्सी अकरा वर्षांची, फिलाडेल्फियात दुसऱ्या बाईंच्या घरी ठेवलेली, आणि आई जाऊन वर्ष-सव्वा वर्षच झालेलं. अशा पोरीला बापाने काय पाठवलं तर टाइमटेबल. आठ ते दहा संगीताचा रियाज, दहा ते एक एके दिवशी डान्स आणि दुसऱ्या दिवशी ड्रॉइंग, एक ते दोन डान्सच्या दिवशी ड्रॉइंग आणि दुसऱ्या दिवशी पत्र लिहिणं, तीन ते चार फ्रेंच, चार ते पाच परत संगीत, आणि पाचनंतर झोपेपर्यंत इंग्रजी वाचन-लेखन. वर बजावलंय की एकही स्पेलिंग चुकवायचं नाही, शब्द लिहायच्या आधी विचार करायचा, आठवत नसेल तर डिक्शनरी उघडायची, बाईमाणसाला नीट स्पेलिंग येणं ही मोठी कौतुकाची गोष्ट असते. आणि मग ते वाक्य, की माझं सगळं सुख मी तू चांगली आणि गुणी होण्यावर ठेवलंय, तू माझी निराशा केलीस तर जगातलं कुठलंच दुःख मला त्याच्याएवढं वाटणार नाही. अकरा वर्षांच्या, आई नसलेल्या मुलीला! मला ते वाचून आधी त्या पोरीचं वाईट वाटतं, बापाच्या प्रेमाचं कौतुक नंतर.

पण याच्या मागे काय होतं ते कळायला आठवड्याभराने, ५ डिसेंबरला त्याने मार्बोआ या फ्रेंच मुत्सद्द्याला लिहिलेलं पत्र बघायला हवं. त्यात तो सांगतो की मुलीच्या नशिबी मठ्ठ नवरा येण्याची शक्यता मी चौदास एक अशी धरतो, म्हणजे पुढे मुलांचं शिक्षण तिलाच एकटीने बघावं लागणार, म्हणून तिला एवढं शिकवतोय. बघा, हा माणूस नुसता हौशी बाप नाहीये, तो एका मोठ्या घराण्याची पुढची कारभारीण तयार करतोय. व्हर्जिनिया-मेरीलँडमधली ही जमीनदार घराणी एकमेकांपासून मैलोनमैल लांब राहायची, लग्नं आपसातच व्हायची, जमीन-कर्ज-हुंडी सगळं एकमेकांत गुंतलेलं, आणि हे सगळं धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे पत्र. आलेलं पत्र दिवाणखान्यात मोठ्याने वाचलं जायचं, मावशीकडे जायचं, तिकडून चुलत बहिणीकडे, त्यामुळे मुलीचं अक्षर आणि स्पेलिंग म्हणजे घराण्याची अब्रू. आज आपण ज्याला खासगी पत्र म्हणतो तसलं ते प्रकरण नव्हतं.

आणि पत्र ही स्वस्तातली गोष्टही नव्हती. १७९२ च्या पोस्टाच्या कायद्यात दर अंतरावर आणि कागद किती त्यावर ठरायचा, तीस मैलांपर्यंत एका कागदाला सहा सेंट आणि साडेचारशे मैलांच्या पुढे पंचवीस सेंट, दोन कागद असतील तर डबल, आणि पैसे बहुतेक वेळा पत्र ज्याला आलं त्यानेच भरायचे. पाकिटं वापरायचे नाहीत, कारण पाकीट म्हणजे आणखी एक कागद, म्हणून पत्राचीच घडी घालून लाखेचं सील लावायचं. काहीजण तर आडव्या ओळी भरल्या की कागद फिरवून त्याच ओळींवर उभं लिहीत जायचे, आणि कोणी ओळखीचं त्या गावाला निघालं की त्याच्या हाती पत्र देऊन पोस्टाचे पैसे वाचवायचे. वर्तमानपत्राला मात्र शंभर मैलांपर्यंत फक्त एक सेंट, हे तुम्हाला वाचायला आवडेल.

आता धाकटी मुलगी पॉली. तुमच्या लेखात तिचं नावच नव्हतं, आणि मला तर या सगळ्या पत्रव्यवहारातली तीच सगळ्यात जवळची वाटते. जेफरसन १७८४ मध्ये पॅरिसला गेला तेव्हा धाकट्या दोघी, पॉली आणि ल्यूसी, व्हर्जिनियात एलिझाबेथ एप्स मावशीकडे राहिल्या. त्याच ऑक्टोबरमध्ये डांग्या खोकल्याने ल्यूसी गेली आणि तिची मावसबहीण, तीही ल्यूसीच, ती पण गेली, एका आठवड्यात दोघी. बापाला पॅरिसमध्ये हे कळायला १७८५ चा जानेवारी उजाडला, आणि खुद्द मावशीने ऑक्टोबरमध्ये लिहिलेलं पत्र तर त्याच्याही नंतर काही महिन्यांनी पोचलं, म्हणजे एकदा रडून झाल्यावर परत तीच बातमी, या वेळी मावशीच्या शब्दांत. मग जेफरसनने हट्ट धरला की पॉलीला माझ्याकडे पाठवा, आणि पोरीने स्वतःच्या हाताने लिहिलं की तुम्ही मला बोलावलंत याचं मला फार वाईट वाटतं, मला फ्रान्सला यायचं नाही, मला मावशीकडेच राहायचंय. सरळ, चार ओळींत. तिचं ऐकलं कोणी? नाही. १७८७ मध्ये मावसभावंडांना तिच्याबरोबर जहाजावर खेळायला सोडलं, खेळता खेळता ती झोपली, भावंडं उतरली आणि जहाज सुटलं.

त्या जहाजातून ती लंडनला अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्सकडे उतरली. आणि आता मुद्द्यावर येते. २६ जूनला अ‍ॅबिगेलने जेफरसनला कळवलं की मुलगी सुखरूप पोचली, जिला सोबत पाठवायचं ठरलं होतं ती म्हातारी दाई आजारी पडल्याने आली नाही, तिच्याऐवजी पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी आलीये, तुमच्याकडे जो नोकर आहे त्याची बहीण. दुसऱ्या दिवशीच्या पत्रात लिहिलं की ही मुलगी स्वतःच अगदी पोर आहे, कॅप्टनचं म्हणणं की तिचा काही उपयोग होणार नाही, तिला परत घेऊन गेलेलं बरं. नाव लिहिलेलं नाही. ती सॅली हेमिंग्ज. वय खरं तर चौदा. जेफरसनच्या वारलेल्या बायकोची ती सावत्र बहीण, म्हणजे नात्याने पॉलीची मावशीच, कारण दोघींचे वडील एकच, जॉन वेल्स. आणि पुढे तिला जेफरसनपासून मुलं झाली, हे आता बहुतेक सगळे इतिहासकार मान्य करतात. एवढ्या मोठ्या पत्रव्यवहारात सॅलीच्या हातचं एक अक्षर आपल्याकडे नाही. ज्या अ‍ॅबिगेलने १७७६ च्या मार्चमध्ये नवऱ्याला बायकांची आठवण ठेवा म्हणून बजावलं, जे वाक्य तुमच्या लेखात ठळक टाइपात होतं, तिच्याच पत्रात ही चौदा वर्षांची पोर बिननावाची आहे. अ‍ॅबिगेलबद्दल मला आदर आहे, जॉनला जमिनीचं वेड असताना तिने सरकारी रोखे घेऊन घर सावरलं, ते तुम्ही लिहायला हवं होतं. पण दोन्ही पत्रं एकाच पानावर आली पाहिजेत, तरच वाचकाला ती बाई आणि तो काळ कळेल.

१७९० नंतर जेफरसन न्यूयॉर्क आणि मग फिलाडेल्फियात मंत्री, आणि मुली व्हर्जिनियात. तेव्हाचा त्याचा नियम असा की मी दर आठवड्याला तुमच्यापैकी एकाला लिहीन, दोन मुली आणि जावई, पाळीपाळीने, आणि तुम्हीही तसंच लिहायचं, म्हणजे प्रत्येकाला तीन आठवड्यांतून एकदाच लिहावं लागेल आणि मला मात्र दर आठवड्याला पत्र मिळेल. तरी पत्रं येत नाहीत म्हणून तक्रारी चालूच. पॉलीला, म्हणजे आता मरायाला, तो विचारतो की रोज सूर्योदय बघतेस का, डॉन किहोतेची रोज किती पानं वाचतेस, पुडिंग करायला शिकलीस का, पालक पेरता येतो का, कोंबडी अंड्यांवर बसवता येते का. दुसऱ्या पत्रात कळवतो की इथे मटार आणि स्ट्रॉबेरी ८ जूनला आले, त्याच दिवशी पहिला व्हिपुरविल ओरडला (आपल्या रातव्याच्या जातीतला पक्षी), तुमच्याकडे कधी? ही पत्रं खरंच वाचत राहावीशी वाटतात, त्यात तो मनाने घरी आलेला असतो. पण तो पालक खुरपणारे हात कोणाचे, पुडिंगचा ओटा कोण सांभाळत होतं, हे त्या प्रश्नांत येत नाही, आणि ज्याला घर माहीत नाही त्या वाचकाला वाटतं की मुलगी स्वतःच शेतात राबतेय.

एक डेस्कची गोष्ट सांगते, कारण तिच्यात सगळं घर दिसतं. पॅट्सीची मुलगी एलेन १८२५ मध्ये लग्न होऊन बोस्टनला गेली. तिचं सामान समुद्रमार्गे पाठवलं ते जहाजासकट बुडालं, आणि त्यात एक लिहायचं डेस्क होतं, मॉन्टिसेलोच्या जॉन हेमिंग्ज नावाच्या गुलाम सुताराने तिच्यासाठी मुद्दाम बनवलेलं. हा जॉन म्हणजे सॅलीचाच भाऊ. त्या वर्षीच्या १४ नोव्हेंबरच्या पत्रात आजोबा नातीला लिहितात की जॉनला फार दुःख झालं, कवी व्हर्जिलचं स्वतःचं महाकाव्य आगीत जळलं असतं तरी व्हर्जिललाही याहून जास्त लागलं नसतं. दुसरं करशील का विचारलं तर नाही म्हणाला, डोळे आता साथ देत नाहीत आणि ते कसं होतं तेही नीट आठवत नाही. मग जेफरसनने नुकसान भरून काढायला एलेनच्या नवऱ्याला आपलं जुनं छोटं डेस्क पाठवलं, ज्याच्यावर १७७६ मध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिला ते. आज ते वॉशिंग्टनला स्मिथसोनियनमध्ये काचेआड आहे, सगळं जग बघायला येतं. जॉनचं डेस्क समुद्राच्या तळाशी. आणि हा जॉन हेमिंग्ज लिहिता माणूस होता बरं का, जेफरसनच्या सेप्टिमिया नावाच्या छोट्या नातीला त्याने लिहिलेली पत्रं शिल्लक आहेत. ती कधी कोणी मराठीत आणली का? मला तरी कुठे दिसली नाहीत.

त्या पत्रानंतर आठ महिन्यांत, ४ जुलै १८२६ ला जेफरसन गेला, एक लाख डॉलरच्या वर कर्ज ठेवून. मृत्युपत्राने पाच पुरुषांना गुलामीतून मोकळीक मिळाली, त्यात जॉन होता आणि जोसेफ फॉसेट नावाचा लोहार होता. पण १८२७ च्या जानेवारीत मॉन्टिसेलोच्या अंगणात लिलाव झाला, सुमारे १३० माणसं विकायला काढली, आणि त्या जोसेफची बायको ईडिथ आणि मुलं त्याच्या डोळ्यांदेखत वेगवेगळ्या घरांत गेली. हीच ईडिथ जेफरसनची मुख्य स्वयंपाकीण होती, व्हाइट हाउसमध्ये फ्रेंच स्वयंपाक शिकलेली. पुढच्या काळात मॉन्टिसेलोच्या कौतुकाच्या जेवणांमागे हा हात होता.

आता हॅना. जेफरसनचं दुसरं एक घर होतं, पॉप्लर फॉरेस्ट, मॉन्टिसेलोपासून नव्वद मैलांवर, तिथे हॅना ही गुलाम बाई घर सांभाळायची. १८१८ मध्ये तो आजारी पडला आणि ठरल्याप्रमाणे तिकडे जाऊ शकला नाही, तेव्हा १५ नोव्हेंबरला हॅनाने त्याला पत्र लिहिलं. छोटंसं पत्र आहे. सुरुवातीला कळवते की तुमचं घर आणि फर्निचर सगळं सुखरूप आहे, ते ऐकून तुम्हाला बरं वाटेल. मग लिहिते की तुम्ही एवढे आजारी की येऊ शकला नाहीत हे कळून मला कितीदा तरी वाईट वाटलं. आणि त्यापुढे ती त्याला देवाबद्दल सांगायला लागते! तुमच्यावर जी कृपा झाली ती देवानेच केली, दुसऱ्या कोणी नाही, हे तुम्ही ध्यानात घेतलं असेल अशी आशा आहे, आपण सगळ्यांनीच त्याचे आभार मानायला हवेत, त्याच्या आज्ञा पाळायला हव्यात. मग म्हणते की माझ्या अडाणी पत्राने तुम्हाला काय धीर येणार, आणि शेवटी, आम्ही सगळे बरे आहोत, तुमची नम्र सेवक हॅना. ज्या माणसाने बायबलमधले चमत्कार वगळून, बाकीचे उतारे पात्याने कापून स्वतःपुरतं पुस्तक चिकटवलं त्या माणसाला त्याच्या मालकीची बाई धर्म समजावते, आणि तेही इतक्या अदबीने की राग येऊ नये. त्या पत्रात भीती किती, माया किती, आणि स्वतःच्या श्रद्धेवरचा भरवसा किती, हे मी कितीदा वाचलं तरी मला वेगळं काढता येत नाही. मालक-नोकर मिळून एकच कुटुंब असं ही घराणी स्वतःबद्दल लिहायची, तर मग हॅनाचं पत्रही कुटुंबातलंच पत्र झालं ना? तुमच्या लेखात त्याला दोन ओळीही नव्हत्या.

आता माझ्या जवळची गोष्ट. मेरीलँड युनिव्हर्सिटीच्या कॉलेज पार्क कॅम्पसजवळ, जिथे आपली कितीतरी मराठी मुलं एम.एस. करायला येतात, रिव्हर्सडेल नावाचा एक जुना वाडा आहे, आता म्युझियम केलंय. भारतातून कोणी आलं की व्हाइट हाउसबरोबर मी त्यांना तेही दाखवते. तिथली मालकीण रोझली स्टायर, अँटवर्पच्या श्रीमंत घरातली, चित्रकार रूबेन्सच्या वंशातली. १७९४ मध्ये फ्रेंच क्रांतीची सेना आली तेव्हा हे कुटुंब पळून अमेरिकेत आलं. १७९९ मध्ये तिचं लग्न जॉर्ज कॅल्व्हर्टशी झालं, आणि १८०३ मध्ये वडील अर्धवट बांधलेलं हे घर तिच्यावर सोपवून युरोपात परत गेले, ते परत कधी आलेच नाहीत. मग १८२१ मध्ये ती वारेपर्यंत फक्त पत्रं. वडिलांना, बहिणीला, भावाला, फ्रेंचमध्ये, समुद्रापलीकडे. त्यात काय नाही? साठाहून जास्त जुनी चित्रं वडिलांनी तिच्याकडे ठेवली होती, ती खोक्यांत कशी आहेत, तंबाखूचा भाव, वडिलांचे अमेरिकेतले पैसे ती सांभाळायची, बँकेचे शेअर्स, सरकारी रोखे, व्याज किती आलं, आता विकू की ठेवू. १८०७ च्या शेवटी जेफरसनने परदेशी व्यापारच बंद केला तेव्हा तंबाखू पडून राहिला आणि ही बाई त्याच्यावर अशी उखडलीये की विचारू नका, लोकशाहीवर तिचा मुळीच विश्वास नव्हता. ऑगस्ट १८१४ मध्ये इंग्रज सैन्य वॉशिंग्टन जाळायला निघालं तेव्हा ब्लेडन्सबर्गची लढाई तिच्या घराच्या अगदी शेजारी झाली. नऊ मुलं झाली, त्यातली चार लहानपणीच गेली, आणि ती दुःखंही त्याच कागदांवर, व्याजाच्या आकड्यांच्या शेजारी. त्रेचाळिसाव्या वर्षी ती गेली.

ही पत्रं राहिली कशी ते महत्त्वाचं आहे. मार्था वॉशिंग्टनने नवऱ्याशी, म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टनशी, झालेला पत्रव्यवहार जाळून टाकला, एका डेस्कमध्ये राहून गेली म्हणून १७७५ च्या जूनमधली दोन पत्रं आणि इकडे-तिकडे एखाददुसरं हाताला लागलं. जेफरसनची आणि त्याच्या बायकोची एकमेकांना लिहिलेली पत्रं तर उरलीच नाहीत. रोझलीची उरली कारण ती समुद्रापार गेली होती, बेल्जियममध्ये वंशजांनी जपली आणि १९९१ मध्ये इंग्रजीत पुस्तक होऊन आली. म्हणजे या घराण्यांचं काय वाचायचं हे बरंचसं त्यांनीच ठरवून ठेवलंय. रोझलीच्या पत्रांतला नवरा म्हणजे शेतीतला हुशार, कष्टाळू जॉर्ज. त्याच जॉर्जला एलेनर बेकेट नावाच्या गुलाम स्त्रीपासूनही मुलं होती.

आणि त्याच वाड्यावर पुढे अ‍ॅडम फ्रान्सिस प्लमर होता. जन्म १८१९, कॅल्व्हर्टांचा गुलाम, रोझलीचा मुलगा चार्ल्स बेनेडिक्ट त्याचा मालक. या चार्ल्सनेच १८५६ मध्ये शेतकी कॉलेज काढायला पुढाकार घेतला, जागा त्याच्याच इस्टेटीतली, तीच आजची मेरीलँड युनिव्हर्सिटी. अ‍ॅडम लिहा-वाचायला शिकला होता आणि १८४१ मध्ये एमिलीशी लग्न झालं तेव्हापासून वही ठेवायचा, मुलांचे जन्म, घेतलेल्या वस्तू, किमती. एमिली दुसऱ्या मालकाची, ती आणि मुलं आधी दुसऱ्या वाडीवर आणि मग आणखी लांब नेली गेली, त्यामुळे भेट क्वचित आणि मध्ये पत्रं. थोरली मुलगी सारा मिरांडा, तिला विकून न्यू ऑर्लिन्सला पाठवलं. मे १८६१ मध्ये, म्हणजे यादवी युद्ध नुकतंच पेटलं होतं तेव्हा, तिने तिथून आईला पत्र लिहिलं. ते पत्र घरच्यांनी जपलं म्हणून मुलगी कुठे आहे हे माहीत होतं, आणि युद्ध संपल्यावर १८६६ मध्ये तिचा भाऊ हेन्री, जो पळून जाऊन नेव्हीत भरती झाला होता, तो न्यू ऑर्लिन्सला जाऊन बहिणीला घरी घेऊन आला. अ‍ॅडमची वही आज स्मिथसोनियनच्या अ‍ॅनाकोस्टिया म्युझियममध्ये आहे.

रोझलीने बापाला लिहिलेलं आणि साराने आईला लिहिलेलं, दोन्ही पत्रं लांब राहिलेल्या मुलीनेच लिहिलेली, आणि दोन्ही घराण्यांचा पत्ता एकच, रिव्हर्सडेल. एकीच्या बापाने तिच्यावर शेअर्स आणि चित्रं सोपवली, दुसरीच्या बापाला तिची विक्री थांबवता आली नाही. कोणी म्हणेल प्लमरांचा काळ नंतरचा आहे, संस्थापकांच्या लेखमालेत कशाला. काळ चाळीस वर्षांनी पुढचा आहे हे खरं, पण ती माणसं ज्या मालमत्तेच्या हिशेबात होती ती इस्टेट याच पिढीने उभी केली आणि वारसाहक्काने पुढे दिली, रोझलीच्या पत्रांतले सगळे हिशेब त्यासाठीच तर आहेत.

तुमच्याकडून एवढंच मागणं आहे. लेखमालेचे अजून काही भाग यायचेत असं दिसतंय, तर एका रविवारी जेफरसनचं पॅट्सीला लिहिलेलं टाइमटेबलचं पत्र आणि हॅनाचं त्याला लिहिलेलं पत्र, दोन्ही अख्खी, शेजारी शेजारी छापा, मध्ये कोणाचं विवेचन नको. दुसऱ्या एखाद्या भागात रोझलीचं एक आणि साराचं एक. भाषांतराची अडचण असेल तर मी करून पाठवते, मानधन नको. हॅनाचं पत्र एका परिच्छेदाचं आहे, त्याला जागा फार लागणार नाही, फक्त तिने त्यात स्वल्पविराम, पूर्णविराम जवळजवळ दिलेलेच नाहीत, तेव्हा तुमच्या डेस्कवर कोणाला ते घालून वाक्यं नीट करावीशी वाटली तर कृपया करू नका, तिने लिहिलंय तसंच जाऊ द्या.

कळावे,
तुमची एक नेहमीची वाचक,
मेरीलँड, अमेरिका